पोटरी भरून येते तेव्हा
(आरोग्यविषयक भाषण)



गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते, तेव्हा खामगाव ते शेगाव या शेवटच्या टप्प्यात हजारो माणसं तिच्याबरोबर पायी निघतात. अशा वाटेवर साठीतला एखादा माणूस थोडं चाललं की कडेला थांबतो. पोटरी भरून येते, गोळा येतो. दोन-चार मिनिटं नुसतं उभं राहिलं की मोकळं वाटतं, आणि पुन्हा तेवढंच अंतर चाललं की तेच दुखणं. घरचे म्हणतात, वय झालं. कुणी म्हणतं वात आहे, कुणी म्हणतं मणक्यात शीर दबली.

मणक्याचं दुखणं बहुधा बसल्याशिवाय किंवा वाकल्याशिवाय थांबत नाही. जे नुसतं उभं राहिल्यानं थांबतं, ते बहुतेक वेळा रक्ताचं दुखणं असतं. पायाला रक्त नेणारी धमनी आतून चरबीच्या थरांनी अरुंद झालेली असते. निदानाची सुरुवात फार सोपी आहे. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजायचा. घोट्याचा आकडा दंडाच्या ०.९ पट किंवा त्याहून कमी आला, तर धमनीत अडथळा आहे असं समजतात. मधुमेह जुना असेल तर धमन्या कडक होतात आणि हा आकडा फसवा निघतो. अशा वेळी पायाची डॉप्लर सोनोग्राफी करावी लागते.

आता उपचार. लोक थेट विचारतात, ऑपरेशन किती लाखांचं? मी म्हणतो, आधी बिडी, खर्रा आणि चुना-तंबाखू सोडा. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही, तो उपचाराचाच भाग आहे. चाळिशीच्या आतल्या बिडी ओढणाऱ्या तरुणांत बर्जर नावाचा आजार होतो. त्यात लहान धमन्या सुजून बंद पडतात, आणि तिथे फुग्यानं धमनी रुंद करायला किंवा बायपास करायला बहुधा जागाच उरत नाही. दिवसाच्या एक-दोन बिड्याही तो आजार जागा ठेवतात. तंबाखू पूर्ण सुटली, तर बहुतेकांचा पाय वाचतो.

दुसरा उपचार चालण्याचा. दुखतं म्हणून माणूस ओट्यावर बसून राहतो, तिथेच नुकसान होतं. दुखणं बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालायचं, थांबायचं, ओसरलं की पुन्हा निघायचं. असं अर्धा ते पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, सलग तीन महिने. त्यानं स्नायू आहे तेवढ्या रक्तात जास्त काम करायला शिकतात आणि न दुखता चालायचं अंतर खरोखर वाढतं. शेतातली कामं होतात म्हणून हे चालणं टाळू नका. मात्र हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि पायावर जखम असेल किंवा रात्री झोपेतही पाय ठणकत असेल, तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. तुम्ही लगेच दवाखाना गाठायचा.

रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी आयुष्यभराची असते. पायाच्या धमन्या अशा झाल्या, तर हृदयाच्या आणि मेंदूच्याही सुटलेल्या नसतात. सिलोस्टॅझोल नावाच्या गोळीनं चालायचं अंतर वाढतं, पण हृदयाचं पंपिंग कमजोर असलेल्यांनी ती घ्यायची नाही.

जखम भरत नसेल, बोट काळं पडत असेल, तर मात्र रक्ताची वाट मोकळी करावीच लागते. फुग्यानं धमनी रुंदावतात, गरज पडली तर स्टेंट बसवतात, किंवा मांडीतली स्वतःची शीर वापरून बायपास करतात. २०२२च्या एका मोठ्या अभ्यासात, शीर चांगली असेल तर आधी बायपास केलेल्यांचे निकाल सरस आले. २०२३च्या दुसऱ्या अभ्यासात, गुडघ्याखालच्या धमन्यांसाठी आधी फुगा केलेले रुग्ण पुढे राहिले. म्हणून दोन डॉक्टरांनी दोन सल्ले दिले, तर घाबरू नका. माझ्या पायात नेमकं कुठे आणि किती बंद आहे, हे मात्र विचारा.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या खारपाणपट्ट्यातल्या श्रोत्यांना एक विनंती. आपल्याकडे किडनीचे रुग्ण बरेच आहेत. अँजिओग्राफीत धमनीत जो रंग सोडतात, तो कमजोर किडनीला बाधू शकतो. आधी क्रिएटिनिनची तपासणी झाली आहे का, हे स्वतःहून विचारा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा आणि आपला उपचार योजनेत बसतो का, ते दाखल होण्याआधीच विचारून घ्या.

मधुमेह असलेल्यांनी पऱ्हाटीच्या खुंटांतून अनवाणी चालू नये. पाय गार पडतो म्हणून गरम विटेनं शेकूही नये. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही, आणि रक्त कमी असलेल्या पायाची ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

आणि पाय एकाएकी पांढरा, गार, बधिर पडून असह्य दुखू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. मालीश नको, लेप नको. धमनीत गुठळी अडकलेली असू शकते आणि पाय वाचवायला जेमतेम सहा तास हाताशी असतात. १०८ला फोन लावा, आणि जिथे धमन्यांची शस्त्रक्रिया होते अशाच रुग्णालयाची चौकशी करून निघा.