या आठवड्याचा महानायक

(विंचूर येथील वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)



अमेरिकेत कॉमिक्सचा वार ठरलेला आहे. दर बुधवारी तिथल्या कॉमिक्सच्या खास दुकानांत नवे अंक लागतात. बॅटमॅन, सुपरमॅन, स्पायडरमॅन यांची कथा एका अंकात वीस-बावीस पानांनी पुढे सरकते आणि पुढच्या अंकासाठी वाचकाला ताटकळत ठेवते. त्याच दिवशी समीक्षकही कामाला लागतात. या आठवड्यात कोणता अंक घ्यावा, कोणत्या चित्रकाराची पाने पुन्हा पाहण्याजोगी आहेत, कोणती कथा उगाच ताणली आहे, हे रोखठोक लिहिले जाते. चार-पाच डॉलरच्या पातळशा अंकाचीही तिथे कसून पारख होते.

महाराष्ट्रात शुक्रवारी सिनेमा लागतो आणि रविवारच्या पुरवणीत त्याचे परीक्षण येते. नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग झाला की त्यावर लिहिले जाते. कवितासंग्रहाची, कादंबरीची, दिवाळी अंकाची दखल घेतली जाते. कॉमिक्सच्या वाट्याला हे भाग्य फारसे आले नाही. पोरांचा खेळ म्हणून ती बाजूला राहिली. ती परीक्षणाच्या पंगतीत यायला हवीत, हे या व्याख्यानाचे म्हणणे आहे. त्यामागचे कारणही साधे आहे. या मातीने कॉमिक्स नुसती वाचली नाहीत, मन लावून काढलीही आहेत.

मार्च १९६४ मध्ये मुंबईत टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. पहिला नायक होता वेताळ. ली फॉक या अमेरिकी लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीतून त्याला जन्माला घातले होते. इंद्रजालच्या आधीच ‘इलस्ट्रेटेड वीकली’च्या वाचकांना तो इंग्रजीत भेटला होता. पण खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हाती तो पडला तो इंद्रजालच्या हिंदी-मराठी अंकांतून. पाठोपाठ जादूगार मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला. आधी मासिक, मग पाक्षिक आणि पुढे साप्ताहिक असा इंद्रजालचा वेग वाढत गेला. म्हणजे आठवड्याला नवा अंक हा रिवाज मराठी मुलांनीही अनुभवला आहे. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर अंक टांगलेला दिसायचा. ज्याला विकत घेणे परवडत नसे, तो वाचनालयातून भाड्याने न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत करायचा. तेवढ्यात घरातली चार भावंडे तो वाचून काढत. आठशेहून अधिक अंक काढून १९९० मध्ये इंद्रजाल थांबले.

एवढ्या अंकांतून एक गोष्ट सहज हाती लागते, ती म्हणजे वेताळाचे यश कशात होते. त्याच्याकडे उडण्याची शक्ती नाही, अंगात वीज नाही. आहेत ती दोन पिस्तुले, एक घोडा आणि एक लांडगा. तो एकविसावा वेताळ आहे, बाप गेला की मुलगा तोच पोशाख अंगावर चढवतो, आणि जंगलातले लोक समजतात की तो अमर आहे. उजव्या हातातल्या अंगठीवर कवटी आहे. ठोसा बसला की गुंडाच्या जबड्यावर कवटीची खूण कायमची उमटते. डाव्या हातातल्या अंगठीची खूण संरक्षणाची. मुखवट्यामागच्या डोळ्यांत बुबुळे काढायचीच नाहीत, हा चित्रकारांचा नेम. एवढ्या एका युक्तीने ओळखीचा माणूस अमानुष भासू लागतो. पोशाखाचा रंग अमेरिकेत जांभळा, स्वीडनमध्ये निळा, इटलीत लाल. पण बुबुळांशिवायचे डोळे सगळीकडे तेच. अशा बारकाव्यांवर बोट ठेवणे हे समीक्षकाचे पहिले काम.

दुसरे काम अधिक अवघड. वेताळाच्या कथेत गोरा माणूस काळ्या माणसांच्या जंगलात राज्य करतो, त्यांना शांतता शिकवतो आणि ते त्याला देवासारखे मानतात. साम्राज्यवादाच्या काळातली ही नजर आहे आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. मुंबईच्या संपादकांना अडचण जाणवली होती ती थोड्या निराळ्या कारणाने. मूळ कथेतल्या वेताळाच्या देशाचे नाव ‘बंगाली’ होते. भारतीय वाचकासाठी त्यांनी ते ‘डेंकाली’ केले. नाव बदलले, नजर तीच राहिली. वेताळावर जीव असलेल्या वाचकानेही हे मान्य करावे. प्रेम आणि परखडपणा एकत्र नांदू शकतात.

त्या नजरेला उत्तर इंद्रजालनेच दिले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी ‘बहादूर’ लिहिला. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची, ज्यांनी बी. गोविंद या नावाने इंद्रजालची असंख्य मुखपृष्ठे रंगवली होती. बहादूर हा डाकूचा मुलगा. बापाला पोलिसांनी मारले म्हणून सूड घ्यायला निघालेला हा तरुण पुढे गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभे करतो. अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन्स. त्या काळचा कॉलेजात जाणारा कुठलाही तरुण असाच दिसत असे. मुखवटा नाही, गुहा नाही, घराणे नाही. एकट्या वीराऐवजी संघटित गाव, हा त्याचा खरा नवेपणा. त्या आठवड्यांत कुणी मराठीत नेमाने परीक्षणे लिहिली असती, तर वेताळाकडून बहादूरकडे झालेला हा प्रवास तेव्हाच नोंदला गेला असता.

आता मराठी हातांविषयी. इंद्रजालच्या कामात असलेले अनंत पै १९६७ मध्ये ‘अमर चित्र कथा’ घेऊन आले. त्यातला ‘कृष्ण’ काढला राम वाईरकर यांनी. पुढे ‘टिंकल’ या मुलांच्या अंकातला सुपंडीही त्यांच्याच कुंचल्यातून उतरला. अमर चित्र कथेच्या ४२ भागांच्या ‘महाभारता’ची बहुतेक चित्रे दिलीप कदम यांची. आणि प्रताप मुळीक! पुराणातले देव, इतिहासातले राजे आणि विसाव्या शतकातले महानायक हे सगळे ज्यांच्या हातून सारख्याच ताकदीने उतरले, असे हे चित्रकार. १९८० च्या दशकात अमिताभ बच्चन यांनाच महानायक करणारी ‘सुप्रीमो’ ही मालिका निघाली. तिच्या संहितांना गुलजार यांचे मार्गदर्शन होते आणि चित्रे मुळीकांची. पडद्यावरचा ओळखीचा चेहरा दर चौकटीत ओळखू आला पाहिजे आणि तरीही तो छायाचित्रासारखा थिजलेला दिसता कामा नये, ही कसरत त्यांनी निभावली.

१९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सने ‘नागराज’ आणला. भाषा हिंदी, लेखक परशुराम शर्मा, आणि पहिल्या अंकाची चित्रे संजय अष्टपुत्रे यांची. नंतर वर्षानुवर्षे प्रताप मुळीकांनी नागराज काढला. मिलिंद मिसाळ, विठ्ठल कांबळे यांचेही हात त्याला लागले. उत्तर भारतातली एक अख्खी पिढी ज्या नायकावर वाढली, त्याचा चेहरा मराठी चित्रकारांनी घडवला. मुळीकांच्या नागराजकडे जवळून पाहिले की त्यामागचे कष्ट कळतात. हिरव्या अंगावर खवले आहेत आणि ते फक्त मुखपृष्ठापुरते नाहीत. नायक धावतो, वाकतो, हात उगारतो, तसे खवलेही स्नायूंबरोबर वळतात. मनगटातून सळसळत निघणारा साप चौकटीच्या कडेकडे झेपावतो आणि वाचकाची नजर आपोआप पुढच्या चौकटीत जाते. पुराणकथांतले शेषनाग आणि कालिया ज्या परंपरेत काढले गेले, तिची पक्की बैठक या हाताला होती. नागराजची कल्पना आधुनिक, पण त्याची रेषा जुन्या चित्रकथेची.

राज कॉमिक्सचाच डोगा तर थेट मुंबईचा. कचऱ्यात टाकून दिलेले मूल चंबळचा डाकू उचलतो आणि कुत्र्यासारखे वाढवतो. ते पोर मोठे होऊन मुंबईत येते, व्यायामशाळेत घाम गाळते आणि रात्री कुत्र्याचा मुखवटा चढवून गुन्हेगारांवर तुटून पडते. या मालिकेत हिंसा भडक आहे, न्यायाची घाई आहे, आणि परीक्षणात त्याचे माप पदरात घातलेच पाहिजे. पण गुन्हा मुळापासून उपटायचा, ही डोगाची जिद्द मुंबईच्या गल्ल्यांतून आलेली वाटते.

पुढचा काळ झपाट्याने बदलला. २००४ मध्ये मुंबईत राहणारा पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडरमॅन चार अंकांतून अवतरला. त्याची चित्रे जीवन कांग यांची. २०२३ मध्ये तोच पवित्र ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटातून मोठ्या पडद्यावर आला. हा चित्रपट भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला आणि त्यांत मराठी होती. २०१२ मध्ये मुंबईचे चित्रकार अभिजीत किणी यांनी ‘अँग्री मावशी’ काढली. नऊवारी नेसलेली ही मावशी भ्रष्टाचाऱ्यांना धडा शिकवते. २०१५ मध्ये निखिल महाजन यांचा ‘बाजी’ आला, श्रेयस तळपदे यांचा मराठी महानायकपट. कल्पनांना तोटा नाही, हे यावरून दिसते. तोटा आहे तो मराठी अंकांचा. मावशी नऊवारी नेसली, पण तिचे कॉमिक इंग्रजीत निघाले.

आठवड्याचे परीक्षण म्हणजे नेमके काय, याचा नमुना म्हणून एक आठवडा घेऊ. बुधवार, ९ ऑक्टोबर २०२४. त्या दिवशी ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’चा पहिला अंक आला. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रॅगोटा, रंग फ्रँक मार्टिन यांचे, अक्षरलेखन क्लेटन काउल्स यांचे. १९३९ पासून बॅटमॅन हा अब्जाधीश. त्याचा वाडा, त्याचा नोकर, त्याच्या गाड्या. या अंकाने ते सगळे काढून घेतले. इथला बॅटमॅन, म्हणजे मुखवट्यामागचा ब्रूस, कष्टकरी वस्तीत वाढलेला, शिक्षणाने अभियंता. बाप शाळामास्तर. मुलांना प्राणिसंग्रहालयाच्या सहलीला नेलेले असताना त्यांना वाचवण्याच्या धडपडीत तो मारला जातो. आई मात्र हयात आहे.

चांगला परीक्षक इथे थांबून चित्र पाहतो. ड्रॅगोटा या बॅटमॅनला भिंतीएवढा रुंद काढतो. ज्याच्याकडे पैसा नाही, त्याचे शरीर हेच त्याचे शस्त्र, हे संवादाविना कळते. छातीवरचे वटवाघळाचे चिन्ह निघून हातात येते आणि ते कुऱ्हाडीचे पाते असते. पंच्याऐंशी वर्षे शोभेची असलेली खूण एका पानात अवजार होते. अंकाचा खरा विजय या पानात आहे. उणीवही सांगावी लागेल. पहिल्याच अंकात पात्रांची गर्दी बरीच आहे आणि जुना बॅटमॅन ठाऊक नसलेल्याला अर्धी गंमत कळणार नाही. एकूण निकाल असा की अंक विकत घ्यावा आणि पुढचाही वाचावा. दोन आठवड्यांनी, २३ ऑक्टोबरला, केली थॉम्पसन आणि हेडन शर्मन यांची ‘अ‍ॅब्सोल्यूट वंडर वुमन’ आली. वीरांगनांच्या बेटाऐवजी नरकात वाढलेली ही नायिका. २०२५ मध्ये नव्या मालिकेसाठीचा आयझनर हा कॉमिक्सचा मानाचा पुरस्कार तिने पटकावला.

गरीब घरातला बॅटमॅन अमेरिकी वाचकाला नवा वाटला. मराठी वाचकाला तो तितका नवा वाटायचे कारण नाही. वाड्याशिवायचा नायक त्याने बहादूरमध्ये पाहिला आहे, डोगामध्ये पाहिला आहे. बाहेरचा अंक आपल्या वाचनाच्या बळावर तोलता येणे, हेच मराठी परीक्षणाचे वेगळेपण ठरेल.

मराठी परीक्षकाने आणखी एक गोष्ट तपासायची आहे, ती म्हणजे अक्षर. इंग्रजी कॉमिक्समधले फुगे बहुधा सरळ, एकाच उंचीच्या मोठ्या अक्षरांसाठी बेतलेले असतात. देवनागरीला वर वेलांटी आणि मात्रा लागतात, खाली उकार लागतो, ओळींमध्ये जागा लागते. अनुवादकाने वाक्य आटोपशीर केले नाही, तर अक्षरे फुग्याच्या कडांना भिडतात आणि वाचणारे मूल अडखळते. संवाद मुलांच्या तोंडचा आहे का, मारामारीत ‘धाड’ आणि ‘धप्प’ असे मराठी आवाज आहेत की इंग्रजी तसेच ठेवले आहेत, हेही पाहायला हवे. मराठीत चांगली कॉमिक्स हवी असतील, तर ही तपासणी कुणीतरी सातत्याने केली पाहिजे.

हा विषय विंचूरला मांडण्यामागे हेतू आहे. कांद्याची मोठी उलाढाल आणि द्राक्षांच्या बागा ही या पट्ट्याची आजची ओळख. पण हे गाव पानिपतावर लढलेले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या जहागिरीचे आहे. जवळचे येवले तात्या टोपे यांचे जन्मगाव. वीरकथा इथल्या मुलांना परक्या नाहीत. त्या चौकटींत कशा मांडाव्यात, एका पानावर चार चित्रे घ्यावीत की सहा, तलवार उपसण्याचा क्षण पान उलटल्यावर दाखवायचा की आधीच, हे शिकायला मात्र चांगली कॉमिक्स वाचावी लागतात आणि त्यांवर बोलावे लागते.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि गावोगावी ग्रंथालये आहेत. त्यांच्या बालविभागांनी कॉमिक्ससाठी एक फळी राखून ठेवावी. तिथे अमर चित्र कथा असावी, नागराज असावा, वेताळाच्या नव्याने निघणाऱ्या आवृत्त्या असाव्यात. नोंदवहीत लेखकाइतकेच चित्रकाराचेही नाव लिहावे. जूनमध्ये शाळा उघडतील. तेव्हा शिक्षकांनी शनिवारचा एक तास यासाठी द्यावा: मुलांनी त्या आठवड्यात वाचलेल्या एका अंकावर दहा ओळी लिहाव्यात, कोणती चौकट आवडली आणि का, कोणती फसली आणि का. ज्या पालकांनी लहानपणी इंद्रजालचे अंक जपून ठेवले असतील, त्यांनी ते गावच्या ग्रंथालयाला द्यावेत, एवढी या व्यासपीठावरून विनंती.