देवाणघेवाण कोठे अडते?



मोठी फाईल उतरवून घेताना ती मध्येच थांबली, की आपण म्हणतो, "नेट गेले." या निदानात शोध कमी आणि त्रागाच अधिक असतो. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी आपल्या शहरात नहर आणली. अशा भूमिगत वाटेत पाणी अडले, तर सबंध नहर उकरण्यात शहाणपण नाही. उगमापासून टप्प्याटप्प्याने पाहत यावे. तोच न्याय येथेही लागू आहे.

ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली प्रचारात आणलेल्या बिटटोरेंट पद्धतीत फाईलचे तुकडे होतात, आणि घेणाराच पुढे देणाराही होतो. डेबियनसारखी मुक्त संगणकप्रणाली किंवा इंटरनेट आर्काइव्हवरील जुने ग्रंथ या मार्गाने रीतसर मिळतात. पद्धत निर्दोष आहे. दुसऱ्याच्या हक्काची कृती परवानगीवाचून वाटणे मात्र १९५७ च्या कायद्याने गुन्हा ठरू शकते.

प्रथम उगम पाहा. पूर्ण प्रत असलेला एकही दाता हजर नसेल, तर फाईल मध्येच अडू शकते. तो दोष तुमचा नव्हे. पडताळा म्हणून डेबियनची फाईल लावावी. ती धावली, तर तुमची वाट मोकळी आहे.

तीही अडली, तर घर तपासा. डिस्कवर जागा आहे काय? संगणकाच्या फायरवॉलने त्या प्रोग्रामला मज्जाव तर केला नाही? मग राउटर. बाहेरून येणाऱ्याला कोणत्या संगणकाकडे धाडावे, हे त्याला ठाऊक नसते; त्यासाठी प्रोग्रामचा पोर्ट त्यात नोंदवावा लागतो.

एवढे करूनही बाहेरचे कोणी येत नसेल, तर राउटरवर दिसणारा बाहेरचा पत्ता वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमधील असेल, तर कंपनीने अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४३० कोटीच. म्हणून ही काटकसर. येथे राउटरशी झटापट व्यर्थ. कंपनीकडे स्वतंत्र पत्ता किंवा आयपीव्ही६ मागावे.

असा ग्राहक बाहेर जाऊन घेऊ शकतो. पण त्याच्या दाराशी सहसा कोणी पोचत नाही. आणि सगळेच असे बंद दारांआड बसले, तर कोण कोणाला देणार? म्हणून स्वतंत्र पत्त्याची मागणी केवळ वेगासाठी नाही. आपल्याला नुसते गिऱ्हाईक राहायचे आहे की दातेही व्हायचे आहे, हा तिच्यामागचा प्रश्न आहे.