चकतीवर काय लिहिले आहे?



गावात लोहाराच्या भात्याशेजारी आता वेल्डिंगचे दुकान असते. पुष्कळांच्या घरीही हातात धरायचा ग्राइंडर आला आहे. त्याला लागते ती चकती. आज आपण तिच्याविषयी बोलू.

चकती ही एक भाजलेली भाकरीच समजा. कठीण खड्याचे रवे राळेत कालवतात, मध्ये काचेच्या धाग्यांची जाळी घालतात, दाबतात आणि भाजतात. एकेक रवा म्हणजे एकेक लहान कानस. रवा बोथट झाला की गळतो आणि खालचा धारदार रवा वर येतो. चकती लवकर झिजली म्हणून दुकानदाराशी भांडू नका. न झिजणारी चकती नुसती घासते आणि लोखंड तापवते.

चकतीवर अक्षरे व आकडे छापलेले असतात. ती इंग्रजी असतात, पण ओळखायला सोपी. दोन तिरपे पाय आणि मध्ये आडवी काडी, ते अक्षर 'ए'. ही चकती लोखंड-पोलादाची. चंद्रकोरीसारखे अक्षर 'सी'. ही दगड-विटांची, बिडालाही चालते. त्या शेजारी २४, ३६, ६० असा आकडा असतो. तो रव्याचा. इथे पुष्कळजण फसतात. आकडा मोठा, तर रवा बारीक! वेल्डिंगचा उंचवटा काढायचा तर २४ घ्या, हात फिरवून साफ करायचे तर ६० किंवा ८०.

जाडीही पाहा. एक ते तीन मिलिमीटरची पातळ चकती कापण्याची. सहा मिलिमीटरची जाड चकती घासण्याची. पातळ चकती आडवी दाबून घासायला गेलात, तर ती मोडते.

आता सर्वांत महत्त्वाचा आकडा. तो वेगाचा. मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे, ते चकतीवर लिहिलेले असते. यंत्राच्या पाटीवरचा आकडा त्याहून मोठा असता कामा नये. आमचीच गोष्ट सांगतो. आमचे पाच इंची यंत्र मिनिटाला ११,००० फेरे घेणारे. चकती संपली. घरात सात इंची पडली होती. भोक सारखेच, म्हणून बसली. पण आड आले ते संरक्षक कवच. आम्ही ते काढून ठेवले! चकतीवर ८,५०० लिहिले होते. वाचता येत होते, पण वाचले नाही. यंत्र सुरू केले आणि चकती फुटली. एक तुकडा कानाशेजारून गेला आणि पत्र्याला भोक पाडून बाहेर पडला. आमच्या मागे धाकटा भाऊ उभा होता. एक हात इकडे असता, तर काय झाले असते, हे अजून मनातून जात नाही.

पाच इंची चकतीची कडसुद्धा तासाला अडीचशे किलोमीटरच्या वेगाने फिरते. म्हणून कवच काढू नये. डोळ्यांना चष्मा हवाच. उपरणे, पदर, लोंबती बाही आवरून घ्यावी. चकती बदलताना आधी प्लग काढावा. नवी चकती बसवली की बाजूला उभे राहून मिनिटभर रिकामी फिरवावी. ठिणग्या कडब्याच्या गंजीकडे जाणार नाहीत, असे बसावे.

भोकाभोवतीच्या पत्र्याच्या कडीवर वर्ष व महिना असतो. ती मुदत उलटली, तर चकती टाकून द्यावी. ओलीत ठेवलेली, पडलेली, तडकलेली चकतीही नको. चार पैसे गेले तर जाऊ द्या.

कोयत्याला धार लावताना मात्र दाबू नका. हलका हात फिरवा, मधून मधून पाण्यात बुडवा. धारेवर निळी झाक आली की पोलादाचे पाणी उतरले. मग ऊस तोडताना ती धार दिवसभरही टिकत नाही. लोहाराकडून पुन्हा पाणी द्यावे लागते.

ज्यांनी घरून चकत्या आणल्या आहेत, त्यांनी आता पुढे यावे. प्रत्येकाने आपल्या चकतीवरचा वेगाचा आकडा मोठ्याने वाचायचा. मागच्या बाजूला बसलेल्या बायकांनीही यावे.