ताप आणि झटके : आधी रक्त तपासा

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा सारांश)



१६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली. बावीस प्रतिज्ञा आपल्या तोंडपाठ आहेत. तरी तापलेल्या लेकराला झटके आले, डोळे फिरले, की आपले पाय मांत्रिकाकडेच वळतात. त्यात रात्र जाते अन् कधी लेकरूही जाते.

हे बाहेरचं नाही, रक्तातलं आहे. सूरजागडच्या डोंगरपट्ट्यात, एटापल्ली-भामरागडकडे, फाल्सीपेरम हिवताप जुनाच. डास चावताना त्याचे जंतू अंगात शिरतात. जंतू वाढलेल्या तांबड्या पेशी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून त्या तुंबवतात. हाच मेंदूचा हिवताप. हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी असे बेशुद्ध रुग्ण औषधाने बरे केले आहेत.

मग करायचं काय? झटका आला तर लेकराला कुशीवर निजवा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, चप्पल हुंगवू नका. तडक दवाखाना गाठा. तिथे आर्टेसुनेटचे इंजेक्शन मिळते. उशीर झाला तर जीव जातो, वाचला तरी मेंदूला इजा राहू शकते.

त्याहून बरे म्हणजे ताप आला त्याच दिवशी आशाताईंकडे रक्त तपासा. बोटातल्या थेंबभर रक्तावर पंधरा-वीस मिनिटांत कळते. वेळेत कळले तर गोळ्यांवर भागते. ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. अन् मच्छरदाणी पेटीत ठेवायला नाही, लेकराला तिच्यात झोपवायला आहे.

जयभीम!