पत्ता कुणाला विचारलात?



आजच्या विषयाचं नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. विषय आहे डीएनएस गळती. नाव अवघड आहे, पण गोष्ट आपल्याच घरातली आहे.

आमच्या संगणक वर्गाला एक ताई येत होती. तिचं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. तिला घरात त्रास होता. कायद्याची माहिती वाचावी, समुपदेशन केंद्र कुठं आहे ते बघावं, असं तिच्या मनात होतं. कुणाला कळू नये म्हणून तिनं लॅपटॉपवर व्हीपीएन घेतलं. शिवणकामाच्या पैशातून, रीतसर पैसे भरून. चालू केलं की पडद्यावर हिरवी खूण यायची, ‘तुम्ही सुरक्षित आहात’ असं लिहून यायचं. तिनं विश्वास ठेवला. चार दिवसांनी रात्री ती जेवायला वाढत होती, तेव्हा दीर सहज म्हणाला, “काय वहिनी, हल्ली वकिलांच्या साइट फार बघताय?”

दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन तिनं एवढंच विचारलं, “मॅडम, व्हीपीएन तर चालू होतं. मग त्यांना कळलं कसं?”

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. दोन दिवस शोधलं आणि मग तिला सांगितलं. तेच आज तुम्हाला सांगते.

समजा, तुम्हाला कुणाला न कळता एके ठिकाणी जायचंय. तुम्ही रिक्षा केली, दोन्ही बाजूंनी पडदे सोडले. कोण बसलंय ते कुणाला दिसत नाही. पण निघण्याआधी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानदाराला विचारलंत, “भाऊ, अमक्या वकिलांचं ऑफिस कुठं आहे?” आता पडद्यांचा काय उपयोग? तुम्ही तिथं जाऊन काय बोललात हे दुकानदाराला कळणार नाही. पण कुठं गेलात आणि किती वाजता, हे त्याला कळलंच.

इंटरनेटवर अगदी असंच होतं. तिथल्या प्रत्येक साइटला आकड्यांचा पत्ता असतो. आपल्याला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून आपण नाव टाइप करतो. नावावरून आकडा शोधून देणारी जी व्यवस्था आहे, तिला डोमेन नेम सिस्टिम म्हणतात, थोडक्यात डीएनएस. अमेरिकेतल्या पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली ती आखली. तेव्हा पत्त्याचा प्रश्न पोस्टकार्डासारखा उघडा जायचा, वाटेतल्या कुणालाही वाचता यायचा. बऱ्याच ठिकाणी तो आजही तसाच जातो. घरात हा प्रश्न आधी राउटरकडं जातो, म्हणजे भिंतीवरच्या त्या वायफायच्या डबीकडं, आणि तिथून बहुधा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडं.

व्हीपीएन म्हणजे पडदे लावलेली रिक्षा. तुमची सगळी ये-जा ते एका बंद बोगद्यातून नेतं. पत्त्याचा प्रश्नही त्याच बोगद्यातून जायला हवा. तो बाहेरून गेला, तर त्याला डीएनएस गळती म्हणतात. आपल्याला काहीच जाणवत नाही. पानं उघडतात, हिरवी खूण तशीच असते.

त्या ताईच्या घरी काय झालं होतं? मुलांनी नको ते बघू नये म्हणून दिरानं राउटरवर एक गाळणी-सेवा लावली होती. घरातून कुठल्या नावांची चौकशी झाली, त्याची यादी त्याला मोबाईलवर दिसायची. ताईच्या लॅपटॉपवरची पानं बोगद्यातून येत होती. पत्त्याचा प्रश्न मात्र राउटरलाच विचारला जात होता. दिरानं काही फोडलं नव्हतं, हेरगिरीचं ॲपही टाकलं नव्हतं. यादी आपोआप त्याच्यासमोर आली होती.

ही गळती का होते? पहिलं कारण, काही व्हीपीएन ॲप पत्त्याच्या प्रश्नाची नीट व्यवस्थाच करत नाहीत. दुसरं, विंडोज ८ पासून विंडोजची एक सवय आहे. उत्तर लवकर मिळावं म्हणून संगणक जोडलेल्या सगळ्या वाटांनी तो प्रश्न पाठवू शकतो, बोगद्यातूनही आणि बाहेरूनही. तिसरं, इंटरनेटचे पत्ते दोन प्रकारचे असतात, जुने आयपीव्ही४ आणि नवे आयपीव्ही६. काही व्हीपीएन जुनी वाट झाकतात आणि नवी उघडी सोडतात. चौथं, वायफाय गेलं, रेंज तुटली, की व्हीपीएनही तुटतं. ते परत जोडलं जाईपर्यंत फोन उघड्या वाटेनं चालू राहतो.

फुकटच्या ॲपबद्दलही सांगते. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ साली अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲप तपासली. त्यातली ६६ टक्के ॲप डीएनएसचे प्रश्न बोगद्यातून नेत नव्हती, ८४ टक्के आयपीव्ही६ बाहेरच ठेवत होती, आणि १८ टक्के तर माहिती सांकेतिक करतच नव्हती. आकडे जुने आहेत, पण धडा आजही लागू आहे. नावात व्हीपीएन आहे म्हणून पडदे असतीलच असं नाही.

मग तपासायचं कसं? कागद-पेन घ्या. आधी व्हीपीएन बंद ठेवा आणि ब्राउझरमध्ये डीएनएसलीकटेस्ट डॉट कॉम ही साइट उघडा. तिथं ‘एक्स्टेंडेड टेस्ट’ असं बटण आहे, ते दाबा. थोड्या वेळात एक यादी येईल, त्यात बहुधा तुमच्या इंटरनेट कंपनीचं नाव असेल. ते लिहून ठेवा. आता व्हीपीएन चालू करा, पान नव्यानं उघडा आणि तीच चाचणी परत करा. व्हीपीएन चालू असूनही तेच नाव आलं, किंवा राउटरवर लावलेल्या एखाद्या सेवेचं नाव आलं, तर गळती आहे. गुगल किंवा क्लाउडफ्लेअर असं नाव आलं, तर फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’, ‘सिक्युअर डीएनएस’ अशी सेटिंग चालू आहे का ते बघा. ती बंद करून पुन्हा तपासा. एकदा तपासून थांबू नका. व्हीपीएन बदललं, फोन बदलला, मोठं अपडेट आलं, की परत चाचणी करायची.

गळती सापडली तर काय करायचं? व्हीपीएन ॲपच्या सेटिंगमध्ये ‘डीएनएस लीक प्रोटेक्शन’ आणि ‘किल स्विच’ शोधा आणि दोन्ही चालू करा. किल स्विचमुळं व्हीपीएन तुटलं की इंटरनेटच थांबतं. रिक्षाचा पडदा उडाला तर रिक्षा जागच्या जागी उभी राहते, असं समजा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये व्हीपीएनच्या नावापुढं दाताच्या चाकाचं चिन्ह असतं. तिथं ‘ऑलवेज-ऑन व्हीपीएन’ आणि ‘ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन’ ही दोन बटणं मिळतात. तुमचं व्हीपीएन आयपीव्ही६ झाकत नसेल, तर संगणकावर आयपीव्ही६ बंद करता येतं. एवढं करूनही चाचणीत घरचं नाव येत असेल, तर ते व्हीपीएन सोडून द्या. आणि ब्राउझरमध्ये जोडलेलं छोटं व्हीपीएन फक्त त्या ब्राउझरपुरतं असतं, बाकीच्या ॲपना ते झाकत नाही.

व्हीपीएन कंपनी स्वतः मात्र तुमची वाट बघू शकते. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या सरकारी संस्थेनं आदेश काढला, की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर अशी नोंद पाच वर्षं ठेवावी. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. म्हणून कंपनी निवडताना ती काय नोंदवते हे आधी वाचा.

आता ज्या ताईंना घरातूनच धोका आहे, त्यांच्यासाठी चार शब्द. नीट ऐका.

वर सांगितलेली चाचणी तुम्ही घरच्या वायफायवर करू नका. गळती असेल, तर चाचणीच्या साइटचं नावही त्याच यादीत जाईल. घरातलं वायफाय दुसऱ्याच्या हातात असेल, तर नाजूक गोष्टी त्यावरून शोधूच नका. मोबाईलचं वायफाय बंद करून स्वतःचा डेटा वापरा. मग घरचा राउटर मध्ये येत नाही. पण फोनच कुणी तपासत असेल, पासवर्ड कुणाला माहीत असेल, तर व्हीपीएन कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही. ब्राउझरची हिस्ट्री फोनमध्ये राहते, गुगल खात्यातही राहू शकते. अशा वेळी विश्वासातल्या मैत्रिणीचा फोन किंवा वाचनालयातला संगणक बरा. काम झाल्यावर आपल्या खात्यातून बाहेर पडायला विसरू नका.

महिला हेल्पलाइनचा नंबर १८१ आहे. तो लावला की कॉलच्या यादीत दिसतो, म्हणून जमलं तर दुसऱ्या फोनवरून लावा. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ सालचा आहे. त्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांना तुम्ही समक्ष जाऊन भेटू शकता. तिथं कुठलाही राउटर आड येत नाही. जीवाला धोका असेल तर काही शोधत बसू नका, ११२ लावा.

आमच्या ताईचं पुढं काय झालं, असं तुम्ही विचाराल. त्या रात्री तिनं दिराला सांगितलं, “शेजारच्या काकूंच्या जमिनीचं बघत होते.” वेळ निभावली. नंतरचं सगळं तिनं आमच्या वर्गातल्या संगणकावर वाचलं, आणि वकिलांना प्रत्यक्ष जाऊन भेटली.

तिचं चुकलं काहीच नव्हतं. तिनं हिरव्या खुणेवर विश्वास ठेवला, तो कुणीही ठेवला असता. आपण मात्र यापुढं खूण बघून थांबायचं नाही. दूधवाल्यानं “ताजं आहे” म्हटलं तरी आपण पातेलं जवळ घेऊन वास घेतोच ना? व्हीपीएनचंही तसंच करायचं. पडदे सोडलेत, छान. पण पत्ता कुणाला विचारला, तेही एकदा बघायचं.

काळजी घ्या. नमस्कार.