शब्दांवाचून नाटक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



नाशिक हे शब्दांनी श्रीमंत झालेले गाव आहे. ‘नटसम्राट’ लिहिणारे कुसुमाग्रज इथले, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिणारे वसंत कानेटकरही इथलेच. अशा गावात शब्दच नसलेल्या नाटकाची बाजू मांडणे हे धाडस खरे. पण आपल्या बालवर्गाच्या पुढील स्नेहसंमेलनाचा विचार चालू आहे, म्हणून ते करते.

असे नाटक पाहायला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर ह्या भागांत आणि घाट उतरून मोखाडा-जव्हारकडे होळीनंतरच्या दिवसांत बोहाडा होतो. रात्रभर एकामागून एक सोंगे येतात. आरंभी गणपती, मग शारदा, पुढे नरसिंह, रावण अशी देवदैत्यांची रांग, आणि शेवटी देवी व महिषासुराचे युद्ध. सोंगाचा मान घराण्यातून चालत येतो. तोंडावर मोठा मुखवटा. तेव्हा सोंग घेणारा बोलत नाही, नाचतो. बोलतात ती संबळ आणि पिपाणी. पुढे बसलेल्या लहान मुलाला कोणी अर्थ समजावून द्यावा लागत नाही. पाऊल कसे पडते, वाद्य कसे वाजते, एवढ्यावरून देव कोण नि दैत्य कोण हे ते ओळखते.

शहरातल्या कलावंतांनीही ही वाट चोखाळली आहे. शांती बर्धन ह्यांनी १९५२ साली मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ स्थापन केली आणि रामायण बसविले. त्यातील माणसे कळसूत्री बाहुल्यांसारखी हालत. पुढे त्यांनी ‘पंचतंत्रा’तील पशुपक्ष्यांची गोष्ट नृत्यात आणली. ते १९५४ साली गेले. पण त्यांच्या सहकाऱ्यांनी, विशेषतः गुल बर्धन ह्यांनी, ते काम पुढे अनेक वर्षे जिवंत ठेवले.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. आपल्या संमेलनात नाटक बसते तेव्हा भूमिका कोणाला मिळतात? ज्यांची जीभ चुरचुर चालते त्यांना. बोलताना अडखळणारा मुलगा, नुकतीच परप्रांतातून आलेली मुलगी, घरी कोकणा बोली बोलणारे पोर, कानाने कमी ऐकणारे मूल, ह्यांच्या वाट्याला झाड नाही तर पहारेकरी येतो. ही मुले मागे उभी राहायला शिकतात आणि आपल्याला ते दिसतही नाही. शब्द बाजूला ठेवले की हाच मुलगा सिंह होऊ शकतो. ज्याला नीट ऐकू येत नाही त्यालाही लाकडी रंगमंचावर ढोलाचा ठेका तळपायांतून कळतो.

कोणी म्हणेल, मुलांना शुद्ध वाणी आणि पाठांतर नको का? हवेच, पण त्यासाठी आपल्या वक्तृत्वस्पर्धा आहेत. वर्षातला एक कार्यक्रम न बोलणाऱ्यांचा असू द्यावा, एवढेच माझे मागणे.

खर्चही फार नाही. कागदाच्या लगद्यात मेथी वाटून घालून टोपल्या करण्याची आपल्या आज्यांची रीत आहे. त्याच लगद्याचे मुखवटे होतील. मात्र बोहाड्याचे मुखवटे पूजेतले असतात. त्यांची नक्कल करू नये, आपले पशुपक्षी आपणच घडवावेत. गोष्ट अशी निवडावी की जिच्यात बोलण्यापेक्षा घडणे अधिक आहे: कासव आणि ससा चालेल, बिरबलाचे चातुर्य चालणार नाही. प्रत्येक पात्राला स्वतंत्र ठेका द्यावा, म्हणजे ते पडद्याआड असतानाच मुलांना कोण येते ते कळेल. आणि भूमिका वाटताना, नेहमी मागे उभे राहणाऱ्या मुलाला आधी पुढे बोलवावे.

कार्यकारिणीने ह्याचा विचार करावा अशी विनंती करून मी आपली रजा घेते.