पोलादाची कातर

शिंप्याची कातर सर्वांच्या परिचयाची आहे. लालभडक पोलादाचा जाडजूड ठोकळा कापणारी कातर मात्र भिलाईसारख्या ठिकाणीच पाहावयास मिळते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशात, म्हणजे आजच्या छत्तीसगडात, हा कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले.

त्या काळी वितळलेले पोलाद साच्यांत ओतून लगडी करीत. लगड निवताना आधी बाहेरून घट्ट होते. आतील धातू मागाहून आकसतो आणि वरच्या टोकाशी पोकळी राहते. गंधक, फॉस्फरस ही हीण द्रव्येही तेथेच जमतात. लगड लाटली की हा दोषही तिच्याबरोबर लांबत जातो. वरून मात्र काही दिसत नाही. म्हणूनच लाटलेल्या ठोकळ्याची टोके कातरीने छाटावी लागतात.

कातरीचे पाते धातूत काही अंतर रुतते आणि उरलेला भाग तडकून सुटतो. थंड पत्र्याच्या कापलेल्या कडेवर म्हणून एक पट्टा चकचकीत व दुसरा खरबरीत दिसतो. दोन पात्यांमधील फट जाडीप्रमाणे ठेवावी लागते. ती वाढली तर कड वाकते व बोचरी होते. पत्र्याच्या कातरीत वरचे पाते तिरके बसवितात. त्यामुळे सारी रुंदी एकदम न कापता क्रमाक्रमाने कापली जाते आणि जोर कमी लागतो. तयार रूळ मात्र कातरीखाली दबून बेढब होईल. त्याला करवतच हवी.

खरा प्रश्न असतो तो किती छाटावे हा. अधिक छाटले तर चांगले पोलाद भंगार होऊन पुन्हा भट्टीत जाते. कमी छाटले तर दडलेली चीर रुळात उतरते, आणि त्या रुळावरून माणसांनी भरलेली गाडी धावावयाची असते. पहिली हानी हिशेबात दिसते, दुसरी दिसत नाही. म्हणूनच दुसरीचे भय अधिक बाळगावे लागते.

पुढे भिलाईत सलग ओतकाम आले, लगडीतील ती पोकळी मागे पडली; तरी टोके छाटण्याचा नियम सुटला नाही. कातरीला धातू आणि बोट यांतील भेद कळत नाही. यंत्राच्या धोक्याच्या भागांवर आडोसा असावा, असे १९४८ च्या कारखाना कायद्याने सांगितले, ते याचसाठी. काय कापावे व काय वाचवावे, हे अखेर माणसानेच ठरवावयाचे असते.